पदवीधरांची कौशल्यं आणि मिळणाऱ्या नोकऱ्या जुळतात का, हे मोजायचं कसं?

मागोवा:

नमस्कार मंडळी,

सिलॅबस बदलायचा विषय निघाला की दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. कंपन्या म्हणतात, पदवीधरांना कामातलं काही येत नाही. पदवीधर म्हणतात, शिकलेलं कामात कुठं लागतच नाही. दोघांचंही खरं असेल, तर नेमकं कुठं बिनसतंय हे कळल्याशिवाय नवे पेपर घालण्यात अर्थ नाही.

आमच्या विद्यापीठातली परिस्थिती अशी आहे. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि लेखाशास्त्र या तीन शाखांचे मिळून दरवर्षी साधारण ४०० पदवीधर बाहेर पडतात. निकालानंतर सहा महिन्यांनी सगळ्यांना ऑनलाइन फॉर्म जातो. त्यात मुख्य प्रश्न एकच: ‘तुमची नोकरी पदवीशी संबंधित आहे का?’ गेल्या खेपेला १२० उत्तरं आली, त्यातली ८४ ‘हो’. अहवालात ७० टक्के छापले गेले.

या ७० टक्क्यांवर कितपत विसंबावं? तो प्रश्न बदलून काय विचारावं? कंपन्यांकडून नुसती नाराजी न घेता कामाची माहिती कशी काढावी? आणि शेवटी सिलॅबसमध्ये बदलायचं ते काय? अभ्यास मंडळात सध्या दोन सूचना जोरात आहेत. एक म्हणजे सॉफ्ट स्किल्सचा स्वतंत्र पेपर आणि दुसरी, सध्या सर्वात जास्त मागणी असलेल्या एका सॉफ्टवेअरचा पेपर. दोन्हींबद्दल जाणकारांचं मत हवं आहे.

विदाविचार:

आधी ७० टक्क्यांचं बघू. ४०० पैकी १२० उत्तरं आली, म्हणजे उरलेल्या २८० जणांबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही. ते सगळे ‘नाही’वाले निघाले तर खरा आकडा ४०० पैकी ८४, म्हणजे २१ टक्के. सगळे ‘हो’वाले निघाले तर ४०० पैकी ३६४, म्हणजे ९१ टक्के. छातीठोकपणे सांगता येतं ते एवढंच, की उत्तर २१ आणि ९१ च्या मध्ये कुठंतरी आहे. १२० उत्तरांवर अधिक-उणे ९ टक्क्यांची त्रुटी धरायची पद्धत आहे, पण तो हिशोब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याला लागू पडतो. इथं ज्याला वाटलं त्यानं फॉर्म भरलाय. मनासारखी नोकरी लागलेला माणूस असा फॉर्म आनंदानं भरतो, न लागलेला तो उघडतही नाही.

यावर उपाय म्हणून सगळ्यांना पुन्हा पुन्हा आठवणीचे मेल पाठवत बसू नका. उत्तर न दिलेल्या २८० मधून चिठ्ठ्या टाकून ४० नावं काढा आणि फक्त त्या चाळीसांचा पिच्छा पुरवा. फोन करा, वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी, निदान पाचदा. दोन-तीनच प्रश्न विचारा. समजा ३२ जण सापडले आणि त्यातल्या १४ जणांची नोकरी जुळणारी निघाली, म्हणजे सुमारे ४४ टक्के. आता दोन्ही गट त्यांच्या वजनानं मिळवा: ३० टक्के लोकांचे ७० आणि ७० टक्के लोकांचे ४४, म्हणजे २१ अधिक ३१, एकूण ५२. चाळीस जणांच्या मागे लागून आलेला हा ५२ चा आकडा मूळच्या ७० पेक्षा कितीतरी विश्वासाचा. शाखानिहाय टक्केवारी मात्र छापू नका. एका शाखेतून समजा ३० उत्तरं आली, तर त्यांवर नमुन्याची त्रुटीच अधिक-उणे १८ पर्यंत जाते, त्यामुळे ‘या शाखेचं बरं, त्या शाखेचं वाईट’ असं बोलायला आधारच उरत नाही.

आणखी एक गोष्ट, छेद कुठला धरला, म्हणजे टक्केवारी नेमकी कोणाकोणाला धरून काढली, ते अहवालात स्पष्ट लिहा. पुढं शिकणारे, नोकरी शोधणारे आणि नोकरी न शोधणारे हे तीन गट वेगळे दाखवा. पुष्कळ ठिकाणी नोकरी न लागलेल्यांना गाळून टक्केवारी काढतात आणि ती ‘एकूण पदवीधरांची’ म्हणून छापतात.

आता प्रश्नाकडे येऊ. ‘संबंधित आहे का’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेत. नोकरीला पदवीच्या पातळीचं शिक्षण लागतं का, ही पातळी. ती नोकरी शिकलेल्या विषयातली आहे का, ही शाखा. आणि कामाला लागणारं त्या माणसाला येतं का, किंवा त्याला येणारं कामात वापरलं जातं का, हे कौशल्य. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या विसाव्या परिषदेनं २०१८ मध्ये याच मोजमापासाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यातही पात्रतेची तफावत आणि कौशल्याची तफावत वेगवेगळी मोजायला सांगितलंय. हे वेगळं करण्याचं कारण व्यवहारी आहे: प्रत्येक तफावतीचा इलाज निराळा, आणि सिलॅबस बदलून सुटतो तो यातला एक छोटासा भाग.

पातळी मोजायला नोकरीचं पद विचारून भागत नाही. लेखाशास्त्राचे दोन पदवीधर घ्या. दोघंही लिहितात, ‘अकाउंट्समध्ये आहे.’ एकजण दिवसभर आलेली बिलं नोंदवतो. दुसरा महिन्याअखेरीची खाती तपासून अहवाल बनवतो आणि व्यवहारात काय खटकतंय ते वरिष्ठांना सांगतो. आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, म्हणजे इस्को-०८ मध्ये, पहिल्याचा कोड ४३११ आणि दुसऱ्याचा २४११. पहिला आकडा ४ म्हणजे कारकुनी काम, २ म्हणजे व्यावसायिक. पदवीच्या पातळीला साजेसं काम ढोबळमानानं १, २ आणि ३ या गटांत येतं. तुमच्या फॉर्ममध्ये दोघांचंही उत्तर ‘हो’ असणार. म्हणून पदनामाच्या जोडीला एक मोकळी ओळ ठेवा: ‘गेल्या आठवड्यात सर्वात जास्त वेळ कुठल्या दोन-तीन कामांत गेला?’ कोड या ओळीवरून द्या. पदनामावरून दिलात तर ‘एक्झिक्युटिव्ह’ आणि ‘मॅनेजर’ शब्द वाचून सगळेच वरच्या गटात जाऊन बसतील.

दुसरी पद्धत म्हणजे खुद्द पदवीधराला विचारणं. इथं मी दोन प्रश्न सुचवतो आणि ते वेगवेगळेच राहू द्या. पहिला: ‘ही नोकरी मिळवायला किमान किती शिक्षण मागितलं होतं?’ दुसरा: ‘हे काम नीट करायला खरोखर किती शिक्षण लागतं?’ यातून चार घरं तयार होतात.

दोन्हींचं उत्तर ‘पदवी’ असेल तर पातळी जुळली. मागितली पदवी पण कामाला लागत नाही, या घरात पदवी निव्वळ चाळणी म्हणून वापरली जातेय. पदवी हा मालकाला मिळणारा संकेत असतो, ही मांडणी अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये केली, ती इथं चपखल बसते. या घरातल्या लोकांसाठी सिलॅबस कितीही सुधारला तरी त्यांचं काम तेच राहणार. दोन्ही ठिकाणी ‘पदवी नको’ असेल तर ती सरळसरळ शिक्षणापेक्षा खालची नोकरी. आणि मागितली नव्हती पण लागते, हे घर छोटं असतं, पण त्यातल्या प्रत्येकाला फोन करा. तिथं कामाचं स्वरूप बदलत असतं आणि भरतीचे नियम अजून मागे असतात.

तिसरी पद्धत आकडेशास्त्रीय आहे: एखाद्या व्यवसायातल्या लोकांच्या शिक्षणाच्या वर्षांची सरासरी काढायची आणि सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाहून (सरासरीपासूनच्या नेहमीच्या अंतराहून) जास्त वर असलेल्याला ‘अतिशिक्षित’ म्हणायचं. व्हर्दुगो आणि व्हर्दुगो यांच्या १९८९ च्या अभ्यासानंतर ती रूढ झाली. तुमच्या कामाला ती नको. एखाद्या कारकुनी व्यवसायात पदवीधरांचा लोंढा आला की सरासरीच वर सरकते आणि तफावत कागदावरून नाहीशी होते.

खालच्या पातळीची नोकरी म्हणजे शिक्षण पूर्ण वाया, असंही अहवालात लिहू नका. डंकन आणि हॉफमन यांनी १९८१ मध्ये शिक्षणाच्या वर्षांचे गरजेची, जास्तीची आणि कमी पडलेली असे भाग पाडून पगाराशी संबंध तपासला. जास्तीच्या वर्षांनाही मोबदला मिळतो, पण गरजेच्या वर्षांपेक्षा कमी, असं त्यात दिसलं. नंतर अनेक देशांतल्या अभ्यासांतही साधारण हेच चित्र आलंय.

मागोवा:

खूप आभार. चाळीस जणांच्या पिच्छ्याची कल्पना लगेच अमलात आणता येईल. एक शंका. कौशल्याची तफावत मोजायला २० कौशल्यांची यादी देऊन ‘कामाला किती लागतं’ आणि ‘तुम्हाला किती येतं’ असे १ ते ७ गुण घ्यायचे आणि वजाबाकी करायची, असा विचार चालू आहे. चालेल का?

मोजपट्टी:

या पद्धतीनं मोठी सर्वेक्षणं झालेली आहेत, पण वजाबाकीवर निर्णय घेणार असाल तर जरा थांबा.

ज्याच्या कामाला एखादी गोष्ट जास्त लागते त्याला ती सहसा जास्त येतेही, त्यामुळे दोन्ही गुण एकमेकांबरोबर वरखाली होतात. अशा दोन मापांची वजाबाकी केली की दोन्हींमधला समान, खरा भाग एकमेकांना छेदून जातो आणि चुका मात्र शिल्लक राहतात. समजा प्रत्येक मापाची विश्वसनीयता, म्हणजे त्यातला गोंगाट नसलेला खरा भाग, ०.८ आहे, जी चांगली समजतात, आणि दोघांमधला सहसंबंध, म्हणजे एकत्र वरखाली होण्याचं माप, ०.६. दोन्हींचा प्रसार सारखा धरला तर फरकाची विश्वसनीयता (०.८ − ०.६) भागिले (१ − ०.६), म्हणजे ०.५ येते. तुमच्या हातात येणाऱ्या फरकातला निम्मा भाग नुसता गोंगाट. त्यावरून एखाद्या कौशल्याला ‘सर्वात मोठी तफावत’ म्हणून पहिला नंबर देणं धोक्याचं आहे.

दुसरी अडचण शब्दांची. ‘विश्लेषणक्षमता: ५’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. ज्याला थोडंसं येतं तो स्वतःला ६ देतो, कारण पुढं काय काय असतं हे त्यानं पाहिलेलंच नसतं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात १६ ते ६५ वयाच्या लोकांची वाचन, आकडेमोड आणि प्रश्न सोडवण्याची प्रत्यक्ष चाचणी घेतात, ती याचसाठी. त्याची पहिली फेरी २०११-१२ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या चक्राचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. सारख्याच पातळीचं शिक्षण असलेल्यांच्या गुणांतही त्यात मोठी तफावत दिसते. पदवी आणि कौशल्य यांना एकच समजून चालत नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा नको.

तुम्हाला चाचणी घेणं झेपणार नाही, तेव्हा गुणांऐवजी कामं विचारा. २० कौशल्यांच्या जागी १२ ठोस कामं लिहा, प्रत्येक शाखेसाठी वेगळी. ‘दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या याद्या जोडून एक यादी करणं’, ‘बँकेचं विवरण आणि आपली वही जुळवून फरकाचं कारण शोधणं’, ‘आकडेवारीवरून अर्ध्या पानाचं टिपण लिहिणं’ अशा धर्तीवर. प्रत्येक कामापुढं तीन गोष्टी विचारा: गेल्या चार आठवड्यांत हे काम किती वेळा पडलं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात ते एकट्यानं जमलं, विचारत विचारत जमलं की जमलंच नाही, आणि ते कुठं शिकलात, वर्गात, नोकरीत की स्वतःहून. लोकांना असं आठवून सांगता येतं आणि वजाबाकीची गरजच उरत नाही. वारंवार पडणारी पण पहिल्या महिन्यात न जमलेली कामं ही खरी उणीव. वर्गात शिकलेली, जमणारी, पण कधीच न पडणारी कामं हे न वापरलेलं कौशल्य. ही दुसरी यादीही तितक्याच काळजीनं बनवा. न वापरलेलं कौशल्य गंजतं, आणि पदवीधरांची तक्रार बहुतेक वेळा याच यादीत दडलेली असते.

भरतीची_बाजू:

कंपन्यांकडून माहिती काढायच्या प्रश्नाबद्दल.

‘पदवीधरांत काय कमी आहे?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं: संवादकौशल्य, टीमवर्क, दृष्टिकोन. हे उत्तर खोटं नसतं, पण त्यातून वर्गात उद्या काय करायचं हे कळत नाही. विचारायचं ते एचआरला नाही. नवख्या माणसाचं काम रोज तपासणाऱ्या वरिष्ठाला. आणि मत विचारू नका, प्रसंग विचारा. ‘शेवटचे तीन फ्रेशर आठवा. त्यांचं पहिल्या महिन्यातलं कुठलं काम परत पाठवावं लागलं? त्यात नेमकं काय चुकलं होतं? न तपासता काम पुढं जाऊ द्यायला किती आठवडे लागले?’ नाकारलेल्या शेवटच्या तिघांबद्दलही विचारा: ते कुठल्या टप्प्यावर गळले, अर्ज, लेखी चाचणी, की मुलाखत? एका शाखेसाठी असे १० ते १२ वरिष्ठ पुरतात. त्यानंतर तेच तेच ऐकू येऊ लागतं.

मिळालेल्या तक्रारींचे तीन ढीग करा. पहिला, विद्यापीठानं शिकवायला हवं ते. दुसरा, कंपनीचंच काम: तिची अंतर्गत प्रणाली, तिचं उत्पादन, तिचे अर्ज भरायच्या पद्धती. हे कुठलंही विद्यापीठ शिकवू शकत नाही, तरी ‘फ्रेशर तयार नसतात’ या वाक्यात हेही मिसळलेलं असतं. तिसरा ढीग नोकरीच्या अटींचा. माणसं मिळत नाहीत असं सांगणाऱ्याला पुढं विचारा: जागा किती दिवस रिकामी आहे? देऊ केलेला पगार गेल्या दोन वर्षांत वाढवला का? अनुभवाची अट सैल केली का? प्रशिक्षण किती दिवसांचं देता? जागा महिनोन्महिने रिकामी आहे आणि यातलं काहीच केलेलं नाही, तर त्या पगारात आणि त्या शिफ्टमध्ये यायला लोक तयार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. कौशल्याच्या तुटवड्याच्या नावाखाली हे सिलॅबसच्या माथी मारलं जातं, ते होऊ देऊ नका.

जाहिराती तपासणार असाल तर तीन ठिकाणी फसायला होतं.

एक, पुनरावृत्ती. एकच जागा चार ठिकाणी, चार शब्दयोजनांत येते. कामाचं ठिकाण, पदनाम आणि मजकुरातली दोन-तीन वाक्यं जुळली की एकच धरा.

दोन, प्रवाह आणि साठा यांतला गोंधळ. समजा एका प्रकारच्या १० जागा आहेत आणि तिथं माणसं चार महिन्यांत सोडून जातात. वर्षाला ३० वेळा भरती होईल. दुसऱ्या प्रकारच्याही १० जागाच आहेत, पण माणसं पाच वर्षं टिकतात. तिथं वर्षाला दोनदाच. जाहिराती मोजल्यात तर पहिलं काम दुसऱ्याच्या १५ पट मोठं दिसेल, आणि तुम्ही मुलांना तयार कराल ते नेमकं ज्या नोकरीत कुणी टिकत नाही तिच्यासाठी. ओळखीपाळखीतून भरल्या जाणाऱ्या जागा तर जाहिरातींत दिसतच नाहीत. म्हणून जाहिरातींवरून ‘किती’ हे ठरवू नका. फक्त ‘कामं कुठली’ हे घ्या.

तीन, इच्छांची यादी. जाहिरातीत १४ कौशल्यं लिहितात आणि त्यातली पाच-सहा असलेल्याला घेतात. शून्य ते एक वर्ष अनुभवाच्याच जाहिराती निवडा, शंभरेक पुरेत, आणि मजकूर तीन रकान्यांत मोडा: कामं, साधनं, गुण. ‘मेहनती’, ‘उत्तम संवाद’ हे गुणांचे शब्द जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतात, त्यामुळे एका नोकरीला दुसरीपासून वेगळं करायला ते निरुपयोगी. तो रकाना बाजूला ठेवा.

हे वर्गीकरण दोघांनी एकमेकांचं न बघता करायचं. ८० टक्के जुळलं म्हणून खूश होऊ नका. दोघांनीही ७० टक्के जाहिरातींत ‘हो’ म्हटलं असेल तर निव्वळ योगायोगानंच ५८ टक्के जुळतं (०.४९ अधिक ०.०९). योगायोग वजा करून उरलेली जुळणी मोजणारा आकडा, ज्याला ‘कप्पा’ (kappa) म्हणतात, तो येतो ०.२२ भागिले ०.४२, म्हणजे ०.५२. मध्यम. अशा वेळी वर्गीकरणाचे नियम पुन्हा लिहून काढा आणि नव्या ३० जाहिरातींवर करून बघा.

खडूफळा:

सिलॅबसमधल्या दोन्ही सूचनांबद्दल. मला दोन्ही पेपर नकोत असं वाटतं, आणि कारणं वेगळी आहेत.

सॉफ्टवेअरच्या पेपरचा प्रश्न वेळेचा आहे. आज चर्चा, मंजुरीला वर्ष, मग तीन वर्षांची पदवी: पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत चार वर्षं गेली. तो सिलॅबस पाच वर्षं टिकला तर शेवटच्या बॅचला ते सॉफ्टवेअर आजपासून आठ वर्षांनी वापरायचंय. बाजाराच्या आजच्या मागणीकडे बघून उद्याचा पुरवठा ठरवला की काय होतं, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात अभियंते आणि वकील यांच्या बाबतीत दाखवून दिलंय. पगार वाढले की प्रवेश वाढतात, काही वर्षांनी एकदम गर्दी बाहेर पडते, पगार पडतात, प्रवेश ओसरतात आणि पुन्हा तुटवडा. साधन शिकवायचंच तर एखाद्या चालू पेपरच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकवा, जिथं ते दरवर्षी मंजुरीशिवाय बदलता येतं. पेपरच्या नावात सॉफ्टवेअरचं नाव कधीच नको.

सॉफ्ट स्किल्सचा पेपर मात्र चुकीच्या निदानातून येतो. ‘लिहिता-बोलता येत नाही’ ही तक्रार खोदली की बहुतेक वेळा निघतं असं: केलेल्या कामाबद्दल, ते काम न केलेल्या माणसाला, नेमकं सांगता येत नाही. हे विषयापासून तोडून शिकवता येत नाही. स्वतःची ओळख करून देण्याचा आणि गटचर्चेचा सराव मुलाखतीच्या दिवशी उपयोगी पडेल, पण चौथ्या आठवड्यात काम परत येणं त्यानं थांबणार नाही.

तुमच्या संख्याशास्त्राच्या शाखेचं उदाहरण घेतो. वर्गातली विदा (डेटा) नेहमी स्वच्छ असते: रकाने नीट, एकही जागा रिकामी नाही, उत्तर पुस्तकाच्या मागे. प्रत्यक्षात तीन फाइली येतात आणि सांगितलं जातं, ‘संध्याकाळपर्यंत एकूण विक्री ग्राहकनिहाय द्या.’ विक्रीच्या फाइलमध्ये १००० ओळी. ग्राहकांच्या यादीत एक ग्राहक चुकून दोनदा नोंदलेला, एकदा जुन्या पत्त्यासह, एकदा नव्या. त्याच्या विक्रीच्या ओळी ४०. दोन फाइली जोडल्या की त्याची प्रत्येक ओळ दोनदा येते आणि १००० च्या १०४० होतात. स्क्रीनवर कुठलीही चूक दिसत नाही, एकूण विक्री फुगते आणि अहवाल तसाच पुढं जातो. ग्राहक क्रमांक ००४५७ होता, तो स्प्रेडशीटनं आकडा समजून ४५७ केला, त्यामुळे काही ओळी जुळल्याच नाहीत. तारीख ०३/०४ अशी, एका फाइलमध्ये दिवस आधी, दुसरीत महिना आधी. महिना १२ च्या पुढं गेला की निदान गडबड लक्षात येते. १२ च्या आत सगळं बिनबोभाट चुकतं.

रिग्रेशन व्यवस्थित येणारा मुलगा इथं अडकतो. त्याची बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या, एकूण बेरीज ताडून बघायची, ही सवय लागायला तीन वर्षांत एकही प्रसंग आलेला नसतो. म्हणून नवा पेपर नको, प्रॅक्टिकलचा स्वभाव बदला. सत्रात तीन वेळा अशी घाण विदा द्या. दोन तासांत दोन गोष्टी मागा: तपासणीची नोंद (काय तपासलं, किती ओळी गळल्या, का) आणि अर्ध्या पानाचं टिपण, ज्यात आकडा पहिल्या वाक्यात, शंका दुसऱ्यात. ४० पैकी १० गुण तपासणीच्या नोंदीला. टिपण शेरा मारून परत द्या आणि सुधारून पुन्हा घ्या. ते परत येणं हाच त्यातला शिकवण्याचा भाग आहे.

शिक्षकाच्या वेळेचा हिशोब आधी मांडा, नाहीतर दुसऱ्या सत्रात हे बंद पडेल. ६० विद्यार्थी, अर्ध्या पानाला सहा मिनिटं, म्हणजे एका खेपेला सहा तास. सुधारित प्रतीचे आणखी तीन धरा. सत्रात तीन खेपा म्हणजे २७ तास. वर्कलोडमध्ये हे लिहून घ्या.

बिघडतं ते दोन कारणांनी. पुढच्या वर्षी उत्तरं फिरू लागतात. म्हणून आठ-दहा प्रकारच्या चुकांचा साठा करून दरवेळी त्यातल्या तीन-चार पेरा. आणि विद्यार्थ्यांनी ‘फाइल खराब आहे’ अशी तक्रार केली की शिक्षक ती दुरुस्त करून देतात. ते अजिबात करू नका.

मागोवा:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक. एवढं सगळं विचारायचं तर फॉर्म लांबेल आणि आहेत तीही उत्तरं कमी होतील. किती प्रश्न ठेवावेत आणि सहा महिन्यांची वेळ बरोबर आहे का?

विदाविचार:

मोबाइलवर सात-आठ मिनिटांत संपला पाहिजे. सध्या काय करता, पदनाम, गेल्या आठवड्यातली मुख्य कामं, भरतीला मागितलेलं शिक्षण, कामाला खरं लागणारं शिक्षण, कुठल्या शाखेचं ज्ञान सर्वात जास्त लागतं, आणि मग ‘मोजपट्टी’ यांनी सुचवलेल्या बारा कामांचा तक्ता. तक्ता जड वाटला तर प्रत्येकाला बारापैकी कुठलीही सहा कामं आपोआप निवडून दाखवा. एकत्रित चित्र तरीही मिळतं. नाव, क्रमांक, टक्केवारी विद्यापीठाच्या नोंदीत आहेच, ती पुन्हा विचारू नका. समाधानाचा प्रश्न गाळा. तो पगाराशी आणि वरिष्ठाशी जास्त बोलतो, सिलॅबसशी कमी.

सहा महिने लवकर होतात. तेव्हा लोक शोधात असतात किंवा मिळेल त्या पहिल्या नोकरीत असतात. सहा महिन्यांना फक्त पहिले दोन प्रश्न विचारून संपर्क टिकवा, पूर्ण फॉर्म १८ महिन्यांनी पाठवा आणि शक्य झाल्यास चौथ्या वर्षी पुन्हा. खासगी मेल आणि फोन निकालाच्या आधीच घ्या. विद्यापीठानं दिलेला मेल पदवीनंतर कुणी बघत नाही.

दोन बॅचची तुलना करताना त्या वर्षीची बाजारस्थिती शेजारी लिहा. ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांचा कॅनडातल्या पदवीधरांवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी, ती तूट पाच वर्षांत निम्मी आणि दहा वर्षांच्या सुमारास नाहीशी, असं त्यात आढळलं. तीच पदवी, तोच सिलॅबस, फक्त वर्ष वाईट. एखाद्या बॅचचा आकडा घसरला की शिक्षकांना जाब विचारण्याआधी त्याच वर्षीच्या इतर शाखांचे आकडे बघा. सगळीकडे घसरण असेल तर दोष वर्गात शोधू नका.

फॉर्म पाठवण्याआधी आठ पदवीधरांना बोलावून तो मोठ्यानं वाचायला लावा आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, ‘यात काय विचारलंय असं तुम्हाला वाटलं?’ दोघांनी वेगळा अर्थ सांगितला की तो प्रश्न पुन्हा लिहा. ‘खरोखर किती शिक्षण लागतं’ इथं बरेचजण अडखळतात, कारण त्यांना ते स्वतःच्या पदवीची किंमत विचारल्यासारखं वाटतं. ‘तुमच्या जागी उद्या नवीन माणूस घ्यायचा झाला तर’ अशी सुरुवात केलीत की उत्तर मोकळेपणानं येतं. या आठ जणांची उत्तरं अंतिम आकड्यात धरू नका.